केरकर आणि जगातले खेकडे

समोर असताना मी त्याला कायम 'सर' आणि 'तुम्ही' म्हणत आले. इथे तसं लिहिणार नाही. डॉ. दत्ताराम केरकर या माणसाबद्दल मला आदर होता की नव्हता, हे माझं आजही ठरत नाही. राग मात्र होता आणि अजून आहे, आणि आदरार्थी बहुवचनात मला नीट रागावता येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, टूवूंबाला आम्ही आलो ते माझ्या नोकरीमुळे. पुण्यात संख्याशास्त्र शिकून मी दहा वर्षं विम्याच्या आकड्यांत काढली होती. इथल्या युनिव्हर्सिटीत एक छोटं युनिट होतं. जगातला कुठला देश दरवर्षी किती खेकडे पकडतो याची कित्येक दशकांची नोंद ठेवायची, ती दरवर्षी पुढे न्यायची, एवढंच त्याचं काम. त्यांनी मला स्पॉन्सर केलं. नवरा निखिल माझ्या व्हिसावर आला, घरून काम करू लागला. मुलगी ईरा शाळेत जाऊ लागली आणि महिन्याभरात मराठीतल्या प्रश्नांना इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायला लागली.

टूवूंबा डोंगरावर आहे. आजूबाजूला गहू, कापूस आणि गुरं. समुद्र गाडीने दोन तास लांब. खेकड्यांचं युनिट इथे का, असं मी पहिल्याच दिवशी लीनला विचारलं. लीन आमचं ऑफिस सांभाळायची. साठीची, मायाळू, सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी.

"बिकॉज डॅट इज हिअर, लव्ह," ती म्हणाली.

दत्तारामचा ऑस्ट्रेलियात 'डॅट' झाला होता. केरकर इथे होता म्हणून खेकडे इथे होते. तो तीस वर्षांपूर्वी या डोंगरावर आला, त्याने एका खोलीत तक्ता सुरू केला आणि मग ती खोली युनिट झाली.

बुटका, काटकुळा, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर बारा महिने तोच राखाडी स्वेटर. सँडल आणि सँडलमध्ये मोजे. सगळी आकडेवारी कॉम्प्युटरवर होती, तरी त्याच्या खोलीच्या लांब भिंतीवर कागद जोडून जोडून केलेला एक आलेख होता. एकेका देशाची एकेक रेषा, पेन्सिलीने काढलेली. दरवर्षी नवे आकडे आले की तो स्टुलावर चढायचा आणि पट्टी धरून प्रत्येक रेषा बोटभर पुढे न्यायचा. जपानची रेषा कधीकाळी उंच होती आणि मग जिना उतरावा तशी खाली आली होती. सोव्हिएत युनियनची एका ठिकाणी तुटायची आणि तिथून रशियाची सुरू व्हायची. त्या जागी त्याने दोन बारीक आडव्या रेघा मारल्या होत्या. इंडोनेशिया, व्हिएतनाम वगैरे मंडळी आधी जमिनीलगत आणि मग अमेरिकेत डबाबंद खेकड्याची मागणी वाढली तशी वर. चीनची रेषा एवढी उंच गेली होती की तिच्यासाठी वर छतापर्यंत वेगळा कागद चिकटवला होता. ऑस्ट्रेलिया खाली कुठेतरी, मुंगीसारखा.

पहिल्या दिवशी त्याने मला त्या भिंतीसमोर उभं केलं, एका रेषेवर पट्टी ठेवली आणि इंग्लिशमध्ये, अतिशय सभ्यपणे विचारलं, इथे काय दिसतं?

रेषा आठ-दहा वर्षं सपाट होती आणि मग एकदम चढली होती. मी म्हटलं, "इथून पुढे खेकड्यांचं प्रमाण वाढलंय. कदाचित नव्या बोटी आल्या असतील."

तो मराठीत आला. "वाढलंय? काय वाढलंय? खेकडे की कारकून?"

मला कळेना.

"त्या देशात आधी सगळं एकाच रकान्यात जायचं. कोळंबी, खेकडे, शेवंड, सगळं 'इतर'. मग एक शहाणा कारकून आला. त्याने खेकडे वेगळे लिहायला सुरुवात केली. समुद्रात काहीही झालं नाही, बाई. वहीत झालं. आणि तू लगेच बोटी सोडल्यास पाण्यात. पुण्यात हेच शिकवतात का?"

दारात लीन चहाचा कप घेऊन उभी होती. ती कौतुकाने हसली. "सो लव्हली, यू टू चॅटिंग इन युअर ओन लँग्वेज."

पुढची तीन वर्षं हे असंच चाललं. केरकर इंग्लिशमध्ये सगळ्यांशी अदबीने बोलायचा. प्लीज, थँक यू, इफ यू डोन्ट माइंड. ऑफिसात मराठी तो फक्त माझ्यावर वापरायचा आणि फक्त अपमान करायला. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शांत आवाजात, चेहऱ्यावर स्मित ठेवून तो म्हणायचा, "हे काय घाण करून ठेवलंयस?" आणि टेबलाभोवतीच्या गोऱ्या माणसांना वाटायचं की तो माझ्या मुलीची चौकशी करतोय. मीही हसायचे. दुसरं काय करणार? माझी मायबोली या माणसाने तीन वर्षांत अशी करून ठेवली की घरी निखिलने प्रेमाने जरी "अगं, हे काय केलंस?" म्हटलं तरी मी खुलासे द्यायला लागायचे.

त्याच्या शिकवण्यातलं एक वाक्य मात्र मला मान्य करावं लागतं. मी एकदा एका देशाची रिकामी जागा शून्य म्हणून भरली होती. त्याने ती छापलेली पानं माझ्या टेबलावर आपटली. "शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. रिकामं म्हणजे पाहिलंच नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्याने भाजी विकावी." भाजीवाल्यांना हा फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो, हे मला घरी गेल्यावर सुचलं. त्याच्यासमोर मला कधीच काही सुचायचं नाही.

अनोळखी माणसांशी तो वेगळा वागायचा, हे सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. पॅसिफिकमधल्या एका लहान बेटाच्या देशाचे आकडे तीन वर्षं हुबेहूब तेच आले होते. मला ते दिसलं नव्हतं. केरकरने तिथल्या मत्स्य खात्यात फोन लावला. पलीकडे कोणी वयस्क कारकून होता. केरकर त्याच्याशी पाऊण तास बोलला. त्याच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन, चर्चचं छप्पर, पाऊस, आणि मग हळूच धक्क्यावरच्या वजनकाट्याकडे आला. काटा मोडला होता. दुरुस्त करायला कोणी येत नव्हतं. रिकामं पाठवलं तर वरचे ओरडतात, म्हणून तो बिचारा मागच्या वर्षीचाच आकडा लिहीत होता. "थँक यू सर, यू हॅव बीन मोस्ट हेल्पफुल," केरकर म्हणाला. त्याच्या आवाजात खरी माया होती. त्याने फोन ठेवला, रबराने तीन वर्षांचा त्या बेटाचा भाग भिंतीवरून पुसला आणि वळून मला म्हणाला, "तीन वर्षं सारखे आकडे. डोळे आहेत का शर्टाची बटणं?"

अलास्कातले बर्फाळ पाण्यातले खेकडे अचानक नाहीसे झाले, हंगामच बंद ठेवावा लागला, तेव्हा आमच्याकडे पत्रकारांचे फोन यायला लागले. एवढे खेकडे गेले कुठे, असं सगळे विचारत होते. केरकर चिडला. "किती होते हे आधी नीट मोजलं असतं तर गेले कुठे हे विचारायची पाळी आली नसती," असं तो मला म्हणाला, जणू काही अलास्कात मीच मोजायला बसले होते.

आता संजयची गोष्ट.

संजय पाटणकर निखिलचा कॉलेजपासूनचा मित्र. ब्रिस्बेनला इंजिनिअर होता. ऑफिसमधल्या ऑस्ट्रेलियन मित्रांबरोबर खाडीत सापळे टाकायला शिकला होता आणि त्याचं त्याला फार अप्रूप होतं. एका रविवारी तो आणि त्याची बायको प्राची आमच्याकडे जेवायला आले ते ओल्या पोत्यात पाच जिवंत खेकडे घेऊन. मोठे, चिखलातले, नांग्या दोरीने बांधलेले. मी मूर्खासारखं केरकरलाही बोलावलं होतं. माणूस एकटा राहतो, बायको वारली आहे, मुलगी मेलबर्नला, जन्म खेकड्यांत गेला, आपल्या हातचा रस्सा खाऊन जरा मऊ होईल, असा माझा हिशोब.

केरकर आला. पायात सँडल आणि मोजे, हातात सुपरमार्केटचा केक. संजयने मोठ्या उत्साहाने पोतं उघडलं. केरकर वाकला. एकेक खेकडा पाठीमागून सराईतपणे उचलून त्याने उलटा केला आणि पोट पाहिलं. चौथ्याला थांबला.

"ही मादी आहे."

"हो का?" संजय हसला. "मादीत गाभोळी असते ना? अजून भारी."

"क्वीन्सलँडमध्ये मादी ठेवता येत नाही. पाण्यात परत सोडावी लागते. हे बघ, नराच्या पोटावरचा पडदा निमुळता असतो. हा रुंद आहे, गोल. पोरांना पण कळतं."

"अरे काका, घाईत राहून गेलं असेल. एकच तर आहे."

केरकरने खिशातून फोन काढला. आधी त्या मादीचा फोटो घेतला. मग व्हरांड्यात गेला, बाहेर उभ्या असलेल्या संजयच्या गाडीचा नंबर पाहिला आणि तक्रारीच्या लाइनवर फोन केला. आम्ही चौघं आत बसून ते ऐकत होतो. प्लीज आणि थँक यू म्हणत त्याने संजयचं पूर्ण नाव स्पेलिंगसकट सांगितलं.

मी बाहेर धावले. "सर, पाहुणे आहेत ते माझे. माझ्या घरात हे..."

"नियम मादीसाठी आहे," तो म्हणाला. "पाहुण्यांना त्यात कुठे सूट आहे?"

मग तो आत आला, हात धुतले, टेबलाशी बसला आणि म्हणाला, "बाकीचे चार करा. भूक लागलीय."

मी केले. मला आजही कळत नाही की का केले. प्राचीने ताटातलं काही खाल्लं नाही. केरकर व्यवस्थित जेवला. नांग्या दाताने न फोडता अडकित्त्याने फोडाव्यात, रश्श्यात खोबरं जास्त भाजलंय, चिंच कमी आहे, हे सगळं त्याने सांगितलं. ईराने त्याला विचारलं, "आर यू अ पोलिसमन?" त्यावर तो म्हणाला, "नो डार्लिंग, आय ओन्ली काउंट."

जेवण झाल्यावर त्याने ती मादी ओल्या पोत्यात गुंडाळली, आपल्या जुन्या गाडीत सीटच्या पायाशी ठेवली आणि निघून गेला. सोमवारी त्याच्या सँडलच्या पट्ट्यांत वाळलेला चिखल होता. म्हणजे दोन तास खाली समुद्रापर्यंत आणि दोन तास वर. एका खेकडीसाठी.

काही आठवड्यांनी संजयला दंडाची नोटीस आली. त्याने ते हसण्यावारी नेलं असतं, पण प्राचीने नाही नेलं. तिने माझे फोन घेणं बंद केलं. या परक्या देशात सुखदुःखाला धावून येणारं एक घर होतं, ते गेलं. मी केरकरला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग माणसं बघून जोडावीत."

मी ती नोकरी सोडायला हवी होती. व्हिसा तिच्यावर होता. कायम राहण्याचा अर्ज करायला अजून थोडा अवधी बाकी होता. निखिल म्हणायचा, "अजून थोडं सोस, मग तोंडावर राजीनामा फेक." मी सोसत राहिले.

त्या वर्षी युनिटला एक मोठं काम मिळालं. सगळ्या देशांच्या खेकड्यांची पहिल्या नोंदीपासून आजपर्यंतची वाटचाल एका छापील अहवालात मांडायची. निधी देणाऱ्यांना आलेख स्वच्छ हवे होते. एका देशाची मात्र मधली पाच वर्षं रिकामी होती. देशाचं नाव लिहीत नाही. तिथे लढाई चालू होती आणि आकडे पाठवायला कोणी नव्हतं. रेषा एका ठिकाणी थांबायची आणि पाच वर्षांनी बरीच वरून पुन्हा सुरू व्हायची. निधीवाल्यांना ते भोक नको होतं.

मी केरकरला ईमेल लिहून विचारलं. त्याचं इंग्लिशमधलं उत्तर दोन ओळींचं होतं. 'अंदाजाने भरून टाक. तुटक रेषेने दाखव.' मला आश्चर्य वाटलं. पण वरूनही दबाव होता आणि त्यालाही युनिट टिकवायचं होतं. मी आजूबाजूच्या वर्षांवरून अंदाज काढला, तुटक रेषा काढली, खाली टीप लिहिली. पुढच्या आठवड्यात ईराचं अपेंडिक्स काढावं लागलं आणि मी रजेवर गेले. मी नसताना छपाईच्या आधीची शेवटची पानं आली. मांडणी करणाऱ्याने सगळ्या रेषा सलग केल्या होत्या आणि टिपा पुस्तकाच्या मागे ढकलल्या होत्या. केरकरने ती पानं पाहिली आणि सही केली.

अहवाल निघाला. दोन महिन्यांनी मासळीच्या धंद्यातल्या एका मासिकाने आमचा आलेख छापून लिहिलं की त्या देशातले खेकडे लढाईच्या काळातही वाढत होते, तेव्हा तिथे आणखी परवाने द्यायला हरकत नाही. आणि मग त्या देशातल्या एका शास्त्रज्ञ बाईंचं पत्र आलं. ती पाच वर्षं आमच्या किनाऱ्यावर सुरुंग होते, एकही होडी गेली नाही, तुमचे खेकडे कोणी पकडले ते कळवाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

डीननी खुली बैठक बोलावली. पन्नास-साठ माणसं होती. केरकर उठला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तो हे सगळं सांगेल अशी माझी खात्री होती. माणूस दुष्ट आहे, पण आकड्याच्या बाबतीत खोटा नाही, असं मी तोवर स्वतःला समजावत आले होते.

तो म्हणाला, "दोज क्रॅब्ज वेअर नॉट कॉट इन एनी सी. दे वेअर कॉट अॅट मेधाज डेस्क."

लोक हसले.

तीन वर्षांत त्याने माझा इंग्लिशमध्ये केलेला तो पहिला अपमान. सगळ्यांना कळावा म्हणून. लीन हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मला वाटतं, आमच्या त्या 'लव्हली' गप्पा काय असतील ते तिला त्या क्षणी समजलं.

दुपारी मी त्याच्या खोलीत गेले. त्याच्या ईमेलची आणि सही केलेल्या पानांची प्रिंट त्याच्यासमोर ठेवली. त्याने चष्मा वर करून दोन्ही वाचलं.

"हो. मीच लिहिलंय. सहीपण माझीच."

"मग तसं सांगा सगळ्यांना."

"नाही सांगणार." आवाज अजिबात चढला नव्हता. "मी खोटा ठरलो तर हा सगळा तक्ता खोटा ठरेल. तीस वर्षांचं काम. प्रत्येक देश म्हणेल की केरकर आकडे बनवतो. तू गेलीस तर काय जाईल? तू जाशील. तुझ्यासारखी दुसरी मिळेल."

"सर, माझा व्हिसा आहे यावर. माझी मुलगी इथे शाळेत जाते."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला.

मला अजून तो आवाज ऐकू येतो, पेन्सिलीचा. माहीत नसतं तर मी त्याला कधीतरी माफ केलं असतं. त्याला सगळं माहीत होतं. त्याने तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ठरवलं.

घरी निखिल म्हणाला, "पाठव डीनला. आत्ता."

"युनिट बंद करतील ते."

"करू देत ना! मेधा, तो माणूस तुझा बळी देतोय आणि तू त्याच्या खेकड्यांची काळजी करतेयस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही कागद डीनना पाठवले. चौकशी झाली. केरकरला विचारलं तेव्हा त्याने काहीही नाकारलं नाही. विचारलं त्याला सरळ उत्तर दिलं. विचारेपर्यंत मात्र तो गप्प राहिला होता. मला निर्दोष ठरवणारं एक पत्र मिळालं, आणि त्याच आठवड्यात युनिट बंद करण्याचा निर्णयही झाला. केरकरला निवृत्त व्हायला सांगितलं. युनिट गेलं तशी माझी जागाही गेली. म्हणजे मी खरी ठरून गेले, एवढाच फरक.

शेवटच्या दिवशी सामान हलवणारी दोन माणसं भिंतीवरचे कागद खेचून काढत होती. केरकर खुर्चीत बसून पाहत होता. चीनचा वरचा कागद फाटला तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "जेंटली, इफ यू डोन्ट माइंड." त्यांनी "नो वरीज, मेट" म्हटलं आणि राहिलेला कागद तसाच ओढला. मी दारात होते. त्याने मला पाहिलं. मराठीत काहीतरी कडवट येईल म्हणून मी तयार राहिले. तो परत खुर्चीत जाऊन बसला. मला बरं वाटलं, हे लपवणार नाही. त्याची भिंत उघडी पडताना मला मनापासून बरं वाटलं, आणि गाडीत बसल्यावर मी रडले.

नवा स्पॉन्सर शोधायला थोडेच महिने होते. ते कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी मेलबर्नला एका गोदामांच्या कंपनीत काम मिळालं आणि आम्ही तिथल्याच ट्रुगानिना या उपनगरात घर घेतलं. इथे आजूबाजूला सगळे आपले लोक. ईरा बारा वर्षांची झाली. तक्ता कोणी पुढे नेला नाही. अजूनही कधीतरी एखाद्या देशातून मला ईमेल येतो, पुढच्या वर्षाचे आकडे कधी येणार म्हणून. मी उत्तर देत नाही. कामावर कोणी वर जाणारी रेषा दाखवून खूश झालं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न उठतो, काय वाढलंय, माल की कारकून? तो प्रश्न बरोबर असतो. आणि तो त्याच्या आवाजात येतो. या माणसाने माझ्याकडून बरंच काही नेलं, पण हे जे तो माझ्या डोक्यात ठेवून गेला, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

मागच्या हिवाळ्यात जवळच्या वेरिबीतल्या एका क्लिनिकमध्ये मी खोकल्यासाठी गेले होते. अपॉइंटमेंट नसेल तर बसून राहावं लागतं. सकाळचे साडेदहा झाले असतील. खोली भरलेली होती. मी बसल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन खुर्च्या सोडून केरकर बसला आहे. त्याची मुलगी इकडेच कुठे तरी राहते हे मी ऐकलं होतं. तो म्हातारा झाला होता. तोच राखाडी स्वेटर, पण आता तो त्याच्या अंगावर लोंबत होता. तो समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहत होता. त्याने मला पाहिलं नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने हाक मारली. "दत्ताराम?" तिने नाव ओढून ताणून, पण ओळखू येईल असं घेतलं. तो हलला नाही.

"दत्ताराम केरकर?"

तो टीव्हीकडे पाहत होता. मला कळलं की त्याला ऐकू येत नाहीये. मी हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता.

तिसऱ्यांदा हाक आली. मी माझ्या फोनकडे पाहत राहिले. मुलीने यादीवर काहीतरी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. मग आणखी एक. मग माझं. मी उठून त्याच्या समोरून आत गेले.

डॉक्टरांकडून बाहेर आले तेव्हा तो काउंटरशी उभा होता. "वी कॉल्ड यू थ्री टाइम्स, सर," ती मुलगी मोठ्याने सांगत होती. "नो," तो ठामपणे म्हणत होता, "नोबडी कॉल्ड मी. आय हॅव बीन सिटिंग राइट हिअर." मग तो साक्षीदार शोधावा तसा वळला आणि मी त्याच्या समोर आले. त्याने ओळखलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर, मला वाटतं, सुटकाच होती.

"मेधा, तू होतीस ना इथे? मारली का कोणी हाक?"

त्याच्या तोंडून मराठीत, ज्यात टोमणा नाही असा, मी ऐकलेला हा पहिलाच प्रश्न.

"मारली," मी म्हटलं. "तीनदा."

"तू ऐकलंस?"

"हो."

"मग मला..." तो म्हणाला आणि थांबला. मी वाट पाहिली. त्याने ते वाक्य पुरं केलं नाही. त्या मुलीकडे वळून त्याने "माय मिस्टेक, आय बेग युअर पार्डन" म्हटलं. ती म्हणाली, दोन पेशंटनंतर घेते, बसा.

मी दाराकडे निघाले. दार आपोआप उघडलं आणि थंड वारा आत आला. मागे वळून पाहायचं नव्हतं, पण पाहिलं. तो आपल्या जुन्या जागेवर गेला नव्हता. काउंटरच्या अगदी समोरच्या खुर्चीत, कडेवर, उठायच्या तयारीत बसला होता. एका हाताचा तळवा त्याने कानामागे धरला होता आणि तो त्या मुलीच्या ओठांकडे एकटक पाहत होता.